पाठवणीच्या दोन कॅसेटी

चाचा, अंथुर्ण्याचं ते लग्न तुम्हाला नक्की आठवत असेल. नवरीचा मामा अमेरिकेहून स्वतःचा कॅमेरा घेऊन आला होता आणि मंडपभर तुमच्या कॅमेऱ्याच्या आडवा येत होता. तुम्ही दर वेळी बाजूला सरून शूटिंग केलंत. ती नवरी गेल्या महिन्यात आजारानं वारली. तिची आई बारामतीला माझ्या दुकानात आली, पिशवीत दोन कॅसेटी घेऊन. एक तुमची, दुसरी मामाच्या शूटिंगची कॉपी. गाडीत बसताना लेक मागं वळून काहीतरी बोलली होती. आई म्हणाली, "मी तवा रडत हुते, मला काय बी ऐकू आलं न्हाय. तेवढं काय बोलली ते दावा, ताई."

तुमच्या कॅसेटमध्ये आवाज आहे, पण बँडखाली दबलेला, आणि पोरीची फक्त पाठ दिसते. मामाच्या चित्रात चेहरा अगदी समोर आहे, आवाज मात्र नुसती खरखर. दोन्ही एकमेकांवर बसवलं की ओठांवरून शब्द कळेल, असं वाटलं. पण आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं, अमेरिकेतल्या कॅमेऱ्यात तीस. आपल्या यंत्रावर चालावी म्हणून कॉपी करताना त्या तिसातली मधली चित्रं सरळ गाळलेली. ओठ मिटलेले दिसतात आणि पुढच्याच क्षणी उघडे. मूळ कॅसेट मामानं केव्हाच पुसली.

तेव्हाचं सगळं डोळ्यांपुढं येतं: मी वालचंदनगरच्या तुमच्या स्टुडिओत बसले आहे. नवऱ्याच्या नोकरीमागं क्वार्टरमध्ये आलेली, दुपार खायला उठते म्हणून शिकायला आलेली. तुम्ही दाखवताय, दोन कॅमेऱ्यांचं जुळवायचं तर फोटोवाल्याचा फ्लॅश शोध, तो दोन्हीकडं एकाच वेळी पडतो. एकदा मी कुणाच्या तरी आजीचे दोन सेकंद उडवले, नुसतीच बसली होती म्हणून. तुम्ही यंत्र बंद केलंत. "पोरी, ह्यातलं काय नगं ते आपुन ठरवायचं न्हाय. उद्या कुणाला काय लागंल, तुला म्हाईत हाय का?" मी ते दोन सेकंद परत जोडले. संध्याकाळी चाचींनी शिरखुर्मा पुढं ठेवला, तेव्हा कुठं मी यंत्रापासून उठले.

अकरा दिवस मी त्या नऊ सेकंदांवर बसले. फ्लॅश जुळला. दोन्हीकडचा शालूचा रंग एक केला. हरवलेल्या चित्रांच्या जागी कॉम्प्युटरकडून नवी भरून घेतली, तर तिच्या तोंडात भलतेच दात आले, ती पुसली. बँडचा आवाज खाली आणला तर तिचाही गेला. 'आई' एवढं कळतं. पुढं 'येते' आहे की 'येऊ नको', हे मला अजून सांगता येत नाही. ठरल्या दिवशी आई आली, स्टुलावर टेकली, चष्मा पुसला. पडद्यावर लेक वळली, ओठ हलले, शब्द मागून आला. तिनं तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "त्वांड तिचं हाय. पर बोलतंय दुसरंच कुणी."

मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, चाचांकडून कॉपी नीट झाली नव्हती, काकू. तिनं कॅसेटी पिशवीत घातल्या आणि जाताना एवढंच म्हणाली, "चाचा तर समदं लई जपून करायचे."

ती कॉपी मी केली होती, चाचा. तुम्ही पुण्याला दवाखान्यात होता, मामाचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. चांगल्या यंत्रासाठी पुण्याला जावं लागलं असतं. मी गावातलंच एक हलकं यंत्र मागून आणलं. चित्र अडखळतंय हे मला तेव्हाच दिसलं होतं. तुम्ही घरी आल्यावर मी सगळं ठीक झाल्याचं सांगितलं आणि तुम्ही न बघता मान डोलावलीत.

तुम्ही गेल्यावर तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हे कागद कुठं जायचेच नाहीत. काकूंचं अंथुर्णं इथून तासाभराच्या आत येतं. चार दिवस झाले, मी गेले नाही.