कोरड्या हौदासाठी पाणी

मी, मॅविस ट्रेंडल, दिवंगत क्लिफर्ड ट्रेंडल यांची पत्नी, राहणार ग्रिम्सबी, मासळी बंदरामागची गल्ली, धंदा आयुष्यभर मासे कापण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. दाखवण्याची हिंमत असलेला माणूस या गल्लीत उरलेला नाही. पोटातली गाठ मला उन्हाळा पाहू देणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

पहिले कलम. माझी राख समुद्रात टाकू नये. त्याने माझ्या घरचे पुरेसे खाल्ले आहे.

दुसरे कलम. हे मृत्युपत्र अमलात आणायला व्यवस्थापक म्हणून मी आयव्हर हॅलम यांना नेमते. ते बंदराच्या बचावनौकेचे जुने कप्तान आहेत, आणि माझ्या मुलाला, डॅरिलला, पाण्यातून त्यांनीच वर काढले. त्यांना बक्षीस काही ठेवत नाही. ते घेणारही नाहीत.

तिसरे कलम, राहत्या घराबाबत. घर विकावे आणि येणारी सगळी रक्कम समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला जाणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी लावावी. याच चक्क्यांच्या माणसांना आमच्या गल्लीने बंदरावर लाथांनी तुडवले होते. डॅरिलने एकाचे नाक फोडले आणि रक्ताळलेला सदरा घालून जेवायला बसला. पुढे मासळी आटली, बोटी भंगारात गेल्या, आणि तोच डॅरिल त्याच लोकांकडे काम मागायला गेला.

तेव्हा मच्छीमारांना हे नवे काम शिकवायला सरकारी पैसा आला होता. तो माझ्या दिराने, नॉर्मन ट्रेंडलने, मिळवला. बंदरावर एक शेड घेतली, भिंतीला शिडी लावली, समुद्रात पडल्यावर काय करायचे याच्या सरावासाठी हौद बांधला. हौदात पाणी कधी आलेच नाही. पाणी तापवायला खर्च येतो म्हणाला, आणि त्यात जुना सोफा आणि बिअरची पिंपे ठेवली. डॅरिल त्या शिडीवर एकदा चढला, खाली उतरला, डुकराचे मांस भरलेली पेस्ट्री खाल्ली आणि शिकून तयार झाला.

बोटीवर आमची पोरे कमरेला सुरी लावूनच वाढतात. जाळ्याचा दोर ताणला गेला आणि माणूस अडकला, तर कोणाला विचारायचे नाही, कापायचा. क्लिफर्डचा जीव दोनदा असाच वाचला. चक्कीवर सगळे उलटे. बोटीवरून शिडीवर पाय टाकला की कमरेचा दोर शिडीला अडकवायचा, आणि काही झाले तरी त्या दोराला हात लावायचा नाही. त्या दिवशी लाट खाली गेली, डॅरिलचा पाय निसटला, दोर ताणला गेला. दोराने त्याला धरून ठेवले होते. त्याने सुरी काढली आणि दोर कापला. तो बोट आणि चक्कीचा खांब यांच्या मध्ये पडला, आणि पुढच्या लाटेने बोट वर आणली.

ओळख पटवायला मी गेले. कुठले हाड कुठे मोडले, हे कोणी मला सांगायची गरज पडली नाही.

चौकशीत ठरले की चूक कामगाराची. दफनानंतरच्या जेवणात नॉर्मन सँडविच खात म्हणाला, “पोरानं घाई केली, वहिनी. तो दोर कापायचा नसतो, एवढं कुणालाही कळतं.” मी स्वयंपाकघरातून गोठलेल्या हॅडॉक माशाचा ठोकळा आणला आणि त्याच्या तोंडावर हाणला. जबडा दोन जागी मोडला, दात पुडिंगमध्ये पडले. न्यायाधीशबाईंनी विचारले, पश्चात्ताप होतो का? मी म्हटले, हॅडॉक चांगला होता, वाया गेला. दंड भरला.

म्हणून या पैशातून खरा हौद व्हावा. त्यात पाणी असावे, थंडगार, आणि लाट असावी. शिकणाऱ्यांना शिकत असताना पगार मिळावा, म्हणजे पोटासाठी कोणी घाई करणार नाही. लटकलेल्या माणसाला अंधारात हलवावे, बुडवावे, रडू द्यावे. ताणलेल्या दोराकडे हात न नेता तो लटकून राहिला, तरच त्याला समुद्रावर पाठवावे.

चौथे कलम. डॅरिलची मुलगी टेस हिला माझे घड्याळ आणि हौदातली पहिली जागा. तिने नॉर्मनच्या शेडमध्ये नाव घातले, कारण तिथे फुकट होते. मी तिला थोबाडीत दिली. तिने बशी भिंतीवर फोडली आणि म्हणाली, “मासे संपले, आजी. वारा संपला नाही. मी काय करू, जन्मभर चिप्स तळू?” बशीचे तुकडे मी वेचले. नाव तिने अजून काढलेले नाही. टेस, तुला आजीचे काही हवे असेल तर त्या कोरड्या हौदात पाय ठेवू नकोस.

पाचवे कलम. डॅरिलची सुरी पोलिसांनी परत दिली. ती नव्या हौदाच्या दारावर टांगावी, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपली सुरी तिच्याशेजारी ठेवावी.

सहावे कलम. आमच्या बोटीचा निम्मा हिस्सा भावाला देण्याचा शब्द क्लिफर्डने दिला होता. नवऱ्याचा शब्द मी मोडत नाही. बोट भंगारात विकून आलेल्या रकमेतला निम्मा भाग नॉर्मन ट्रेंडल याला द्यावा. काल मी त्याला हे एवढेच कलम वाचून दाखवले. तो रडला. म्हणाला, “वहिनी, मन मोठं आहे तुमचं.” वाकड्या जबड्याने त्याला नीट रडताही येत नाही.

सातवे कलम. उरलेले सर्व, आणि वरच्यापैकी जे काही कायद्याने रद्द ठरेल तेही, हौदाला जावे.

आठवे, शेवटचे. आमच्या देशात मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्रातून एक पैसाही मिळत नाही. हे आयव्हरना ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. नॉर्मन बाहेरच्या खोलीत तळलेला मासा खात बसला आहे. साक्षीला माणूस कमी पडतोय म्हटल्यावर तो स्वतःचे पेन घेऊन आला. आता दोघांना आत बोलावते, आणि त्यांच्यासमोर सही करते. आयव्हर, हसू नका.

ठिकाण: ग्रिम्सबी, माझे स्वयंपाकघर
तारीख: ९ फेब्रुवारी २०२४

सही: मॅविस ट्रेंडल

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली.

साक्षीदार: आयव्हर हॅलम, बचावनौकेचे माजी कप्तान

साक्षीदार: नॉर्मन ट्रेंडल, प्रशिक्षक