टाकीपाशी ठेवलेला कोरा कागद

चाकण

तीर्थरूप आईस, निरंजनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझी धाप कमी झाली का?

आम्ही वेल्डिंग केलेली मोठी टाकी आज परदेशी निघाली. तिच्यात मेलेली माणसं गोठवून ठेवणार आहेत, पुढे कधीतरी जागी करता येतील म्हणून. कायद्यानं आधी मृत्यूचा दाखला लागतो, मगच आत घेतात. तेही डोकं खाली करून. तू सुईण, किती बाळं तशीच येताना पाहिलीस.

सगळ्यांनी नारळ फोडला. मी मात्र तू पाचवीला ठेवतेस तसा सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन टाकीपाशी ठेवला. दाखला निघालेल्या माणसाचं नशीब ती दुसऱ्यांदा लिहिते का गं?

औषध चुकवू नकोस. मला तू आत्ता हवीस.

तुझा,
निरंजन