जबड्याच्या कडेला जुळणारा रंग

प्रिय जमीर,

दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी सकाळी मी फजरची नमाज पढून घरी न येता सरळ दुकानात गेलो होतो, हे तुला माहीत नाही. शटर अर्धंच उचललं, दाराच्या उजेडात बसलो आणि डाव्या तळहातावर दोन ट्यूबमधली क्रीम काढून कालवू लागलो. एक गव्हाळ, एक त्याहून गडद. पहिल्यांदा मिश्रण राखेसारखं झालं, दुसऱ्यांदा पिवळट. तिसऱ्यांदा जमलं आणि मला बरं वाटलं. त्या रंगाखाली तुझ्या बायकोच्या गालावर उमटलेली तुझी चार बोटं झाकायची होती.

तू यवतमाळच्या जेलात आहेस, तुझ्याजवळ वेळ आहे, म्हणून सगळं लिहितो. घरात आपण आपली बोली बोलतो, पण मी गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, मनातलं लिहायला मला हीच भाषा येते. पत्र तिथले साहेब आधी उघडून वाचतात म्हणे. वाचू देत. तुझा दोस्त श्रावण तुला भेटून आला. फिर्याद तुझ्या सासऱ्यांनी, मोईनभाईंनी दिली असं तू धरून बसला आहेस, आणि सुटलास की आधी पुसदला जाऊन त्या बापलेकीला पाहून घेणार आहेस, हे त्याने मला सांगितलं. त्यावर येतो. आधी माझं ऐक.

अब्बांनी मला बांगड्या भरायला शिकवलं तेव्हा पहिला धडा हा दिला, की बाईचा हात हातात घ्यायचा पण नजर मनगटाच्या वर न्यायची नाही, आणि मनगटावर जे दिसेल ते मनगटापाशीच ठेवायचं. आर्णीच्या बाजारात परक्या बाईचा हात धरायची मुभा आम्हा बांगडीवाल्यांनाच होती, ती या अदबीवर. वळ दिसायचे, दातांचे व्रण दिसायचे, एकदा विस्तवाचा चटका दिसला. मी साबणाचं पाणी लावून त्यावरून अलगद बांगडी चढवायचो. गप्प राहणं म्हणजे सभ्यपणा, असं मला पंचवीस वर्षं वाटत आलं.

मग या रंगाच्या क्रीम आल्या. एजंट सांगून गेला, की एकाच ट्यूबमध्ये ओलावाही आहे, उन्हापासून बचावही, डाग झाकणंही आणि वरून पावडरीचं काम वेगळं करायला नको. बीबी लिहिलेली पातळ, रोजची. सीसी लिहिलेली जरा जास्त झाकणारी. डब्यांवरच्या बाया सगळ्या गोऱ्यापान, आणि आपल्याकडचे चेहरे उन्हात रापलेले. मी सवयीने मनगटावर लावून रंग जुळवायचो. शाळेतल्या विमलताई दुसऱ्याच दिवशी ट्यूब घेऊन परत आल्या. "जफरभाऊ, मी काय मनगट घेऊन वर्गात जाऊ? पोरं म्हणून राह्यले, बाई गिरणीतून पीठ दळून आल्या काय! तोंड पाहा न माह्यं!" तेव्हा शिकलो. रंग जबड्याच्या कडेला लावून पाहायचा, तोही दुकानातल्या दिव्याखाली नाही, बाहेरच्या उजेडात. दहा मिनिटं थांबायचं, कारण हवा लागली की तो गडद होतो. गाल संपून मान सुरू होते तिथे तो हरवून गेला, तर तोच आपला. माझी नजर मनगटावरून चेहऱ्यावर गेली ती अशी. पण निळ्या डागावर नुसती क्रीम राखाडी दिसते, आधी खाली नारिंगी लिपस्टिकचं बोट फिरवावं लागतं, हे मला कुणा एजंटने सांगितलं नाही. ते मी तुझ्या बायकोवर, उमेरावर शिकलो.

त्या साली बोंडांत गुलाबी अळी निघाली आणि तुझी कापूस वाहायची गाडी दारात उभी राहिली. मी मनात तुझी बाजू मांडत राहिलो. पोराला काम नाही, पोरगा चिडतो. पण गाड्या साऱ्या गल्लीच्या दारात उभ्या होत्या. त्या सोमवारनंतर एक दिवस मी दुपारची, अस्रची नमाज पढत होतो. भिंतीपलीकडे तू तिची वेणी हाताला गुंडाळून तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलंस. लाकडाचा आवाज वेगळा, हाडाचा वेगळा, दोन्ही मला ऐकू येत होते. जीव वाचवायला नमाज तोडायची मुभा आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी तोडली नाही. उरलेल्या दोन रकात पुऱ्या केल्या, सलाम फेरला, तोवर घर शांत झालं होतं. मी त्या नमाजीआड लपलो, जमीर. तुला कळलं नसेल, ज्याच्यासमोर उभा होतो त्याला कळलं.

तुझी अम्मी तिला परसात घेऊन आली आणि म्हणाली, "उद्या मोईनभाई यायचे आहेत, काहीतरी लावा हिला." मी लावायला दिलं, बोटाने दाखवलं, आरसा धरला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिच्यासमोर बसून जेवले. "पोरीचं तोंड उजळलं हो तुमच्या घरी," म्हणाले. ती अर्ध्या तोंडानेच हसली, दुसरी बाजू आतून फाटली होती. आणि मला काय वाटलं सांगू? अभिमान. बापालासुद्धा दिसलं नाही, इतका रंग जुळला.

संक्रांतीआधी तांड्यावरच्या लालीबाई बांगड्या भरायला आल्या. त्यांच्या बबिताला नवऱ्याने दसऱ्याआधी कुऱ्हाडीच्या दांड्याने मारून टाकलं, हे साऱ्या आर्णीला माहीत आहे. त्या उन्हाळ्यात बबिताने माझ्याकडून तीन ट्यूब नेल्या होत्या, हे मला माहीत होतं. उमेरा त्या दिवशी दुकानात डबे लावत होती. लालीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, जवळ बोलावलं, तिच्या जबड्यावरून अंगठा ओढला आणि अंगठ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "जफरभाई, रंग बराबर जुळवला. माह्या बबिताले बी तुम्हीच देला होता. उन्हाळ्यात माहेरी आली तं मी तिले हसली. म्हटलं, शहरात राहून गोरी झाली काय व तू! मले दिसलंच नाही." आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. हात पुढे केला आणि म्हणाल्या, "भरा." त्यांच्या हातात बांगड्या चढवताना माझ्याकडून तीन फुटल्या. बांगडीवाल्याच्या हातून असं होत नाही.

त्यानंतरही मी आठ दिवस काही केलं नाही. हे तू वाचावंस म्हणून लिहितो. मारत तू होतास, पण वरून चुना मी फासत होतो.

मग तो बुधवार. चहा गार झाला म्हणून तू गाडीतली टॉमी आणलीस. चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी, माणसाच्या तोंडावर. मी दारात पोचलो तेव्हा तू दुसऱ्यांदा उचलली होतीस. मी तुझा हात धरला, तू मला ढकलून गाडी घेऊन निघून गेलास. तिचे दोन दात फरशीवर पडले होते, ते तुझ्या अम्मीने ओढणीच्या टोकात बांधून घेतले, का ते तिलाही सांगता येणार नाही. उमेराचा जबडा एका बाजूला लोंबत होता. तिला बोलता येत नव्हतं. तिने बोटाने आपल्या गालाला शिवून दाखवलं आणि मग माझ्या दुकानाच्या पिशवीकडे बोट केलं. पाणी मागितलं नाही, दवाखाना मागितला नाही. क्रीम मागितली. हे तिला मी शिकवलं होतं.

मी दिली नाही. तुझी अम्मी तोंड तरी पुसू द्या म्हणत होती, तेही करू दिलं नाही. तशीच रक्ताने भरलेली तिला ऑटोत बसवली आणि भर बाजारातून नेली, पडदा न टाकता. दुकानदारांनी पाहिलं, विमलताईंनी पाहिलं. पाहू दिलं.

तर फिर्यादीचं. मोईनभाईंना मी दवाखान्यातून फोन केला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते फोनवर फक्त रडले. उमेराचा जबडा तारेने बांधलेला होता, ती काही सांगायच्या स्थितीत नव्हती. तिला वॉर्डात सोडून मी एकटाच ठाण्यात गेलो. दिवाळीनंतरच्या त्या सोमवारपासून या बुधवारपर्यंतचं सगळं सांगितलं, टॉमी कुठे पडली आहे ते सांगितलं, तू कुणाकडे लपला असशील तेही मीच सांगितलं. त्या अस्रच्या नमाजीचंही लिहून घ्यायला लावलं. लिहिणाऱ्याने विचारलं, फिर्यादीचं आरोपीशी नातं काय? मी म्हणालो, बाप. त्याने लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. खाली मी मराठीत सही केली. पुसदला कुणाला पाहून घ्यायला जायचं कारण नाही.

तुझाच,
अब्बा