घराच्या राखणदाराचा दिवस

वाल्येवोजवळून,
रविवार, २४ नोव्हेंबर १९९६

माझ्या लाडक्या लेकीस,

अनेक आशीर्वाद. छकुलीच्या दोन्ही गालांवर माझ्या पाप्या. वर तुझं नाव घातलेलं नाही, रागावू नकोस. देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. तुझ्या बाबांचा गुडघा थंडीने आखडला आहे. गाय अजून व्यायली नाही. तुझा लोकरीचा कोट खुंटीवरच राहिला. तो, छकुलीचे बूट आणि आलुबुखाराच्या मुरंब्याच्या दोन बरण्या पाठवते आहे. जुन्या स्वेटरची लोकर उसवून छकुलीला टोपी केली आहे, तीही आहे.

हे सगळं शेजारच्या स्तानियाकाकूंबरोबर येईल. "त्या बाईबरोबर? का?" असं तू म्हणशील. तेच सांगायला बसले आहे, पण आधी बाकीचं सांगते.

गुरुवारी तू वरच्या खोलीत कडी लावून बसलीस. तेव्हा खाली काय झालं, ते तुला धड कुणी सांगितलंच नाही.

सकाळी मी नेहमीसारखी सणाची भाकर घेऊन चर्चमध्ये गेले. पाद्रीबाबांनी ती कापली, वाइन ओतली, घरच्यांची नावं वाचली. देवदूत मिखाइल आपल्या घराचा राखणदार. तो मेलेला नाही म्हणून आपण त्याच्या दिवशी मेलेल्यांच्या नावाने शिजवतात तो गहू शिजवत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. घरी येऊन मेणबत्ती लावली, रस्सा चढवला. बारा वाजेपर्यंत टेबलाभोवती नऊ माणसं बसली होती.

कुत्रा भुंकला. दारात रादेंको उभा. हातात बाटली, संत्र्यांची पिशवी, नवा कोट.

"सण सुखाचा होवो, सासरेबुवा!"

तुझ्या बाबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्याच आठवड्यात त्यांनी फोनवर त्याला शपथेवर सांगितलं होतं, ती इथे नाही. पण ते बाजूला झाले आणि त्यांनी त्याला वाट दिली. मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"हाकला त्याला!"

"आज? आज या दारातून कुणाला परतवायचं नसतं. माझ्या वडिलांनी परतवलं नाही, आजोबांनी नाही. वर देवदूत बघतोय."

"त्याच्या हातात तलवार आहे. तुमच्या हातात ट्रे!"

ते ट्रे घेऊन बाहेर गेले. यजमानाने या दिवशी बसायचं नसतं. तुझा हात ज्याने मोडला, त्याच्या खुर्चीमागे ते दुखऱ्या गुडघ्यावर चार तास उभे होते. त्याचा पेला रिकामा झाला की भरत होते.

तो बरोबर देवाच्या तसबिरीखाली बसला. "माझी बायको दिसत नाही? नाही म्हणा, इथे कशी असेल!"

सगळे ताटात बघत राहिले. एकट्या स्तानियाकाकू म्हणाल्या, "जावईबापू, रस्सा निवतोय. तोंडाला काम द्या."

तो हसला. "घाई कसली, काकू? मेणबत्ती जळतेय तोवर मी पाहुणाच."

याचा अर्थ टेबलावरच्या सगळ्यांना कळला. मेणबत्ती जळते आहे तोवर तो हात उगारणार नव्हता, आणि आम्हीही त्याला हात लावू शकत नव्हतो. ती वाइनने विझवली की पाहुणे उठतात. मग घरात आम्ही दोघं म्हातारी, वर तू आणि छकुली. मी मेणबत्तीकडे बघत होते. चार बोटं उरली होती.

"ल्युबिंका, तुझी ताटं पुरत नाहीत," स्तानियाकाकू उठल्या. "माझ्याकडची आणते."

ताटं पुरत होती. पुढचं तुला माहीत आहे. मागचा जिना, आलुबुखाराची बाग, त्यांचा ट्रॅक्टर, बसस्टँड. खाली मात्र कुणी उठेना. सुतारकाकांना डॉक्टरांनी डुकराचं मांस बंद केलं आहे, त्यांनी कोबीच्या पानात मांस भरलेले सार्मे तिसऱ्यांदा वाढून घेतले. त्यांची बायको ओरडली, "मरायचंय का?" ते म्हणाले, "आज नाही. आज जेवायचंय." स्तानियाकाकू तासाभराने परत आल्या. हातात खरंच ताटं होती आणि बुटांना चिखल. त्या बसल्या आणि त्यांनी केक मागितला.

बाबांनी मेणबत्ती विझवली तसा तो उठला आणि सरळ वर गेला. पलंगावर तुझा कंगवा तेवढा होता. खाली येऊन बाबांना म्हणाला, "पुढच्या वेळी सण नसेल." दार उघडं टाकून गेला.

त्या रात्री बाबा एकच विचारत होते, त्याला कळलं कसं? तू इथे आहेस हे सणापर्यंत बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. छकुलीचे कपडे वाळत घातलेले स्तानियाकाकूंनीच पाहिले होते. शुक्रवारी बाबा कुंपणाशी गेले आणि त्यांना म्हणाले, "यापुढे आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही." संध्याकाळी तूही फोनवर तेच म्हणालीस. काकूंनी आधी चुगली केली, मग पस्तावून मदत केली, असं.

मी म्हणाले, "असेल."

बाळा, तो शब्द खोटा होता.

जेवणाच्या मध्ये तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला होता, ते मी कुणाला सांगितलं नाही. हळूच म्हणाला, "सासूबाई, आभार मानायचे राहिले. सकाळी माझी मावशी चर्चमध्ये होती. तुमच्या घरची नावं वाचली. तिहोमिर, ल्युबिंका, आणि मग माझी बायको आणि माझी मुलगी. लग्न झालेल्या बाईचं नाव माहेरच्या यादीत? मावशीने लगेच फोन केला."

पाण्याचा पेला मीच त्याच्या हातात दिला.

हो, मीच लिहिली ती नावं, गिरणीच्या पावतीच्या मागच्या बाजूला. लेकीचं लग्न झालं की ती नवऱ्याच्या घरच्या संताच्या हवाली होते, हे मला काय माहीत नव्हतं? तुझ्या लग्नात पाद्रीबाबा नवऱ्याकडे हात करून म्हणाले होते, आजपासून हा तुझा रक्षणकर्ता. मी रडत रडत मान डोलावली होती. म्हणून वाटलं, तुझं नाव पुन्हा आपल्या राखणदाराच्या कानावर घालावं. नाव वाचल्याशिवाय त्याला कसं कळणार, तू परत आलीस म्हणून? तुला लपवण्यासाठी घराचे पडदे ओढले होते, आणि चर्चमध्ये जाऊन मीच सगळ्यांदेखत हाक मारून आले.

आज प्रार्थनेनंतर स्तानियाकाकूंच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं. त्या मिरच्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. मी तुझ्या मागेच उभी होते. नावं ऐकली. म्हणून तर लवकर आले तुझ्याकडे."

"मग तिहोमिरला का नाही सांगितलंस? त्याला एवढं बोलू दिलंस?"

"तू सांगशील असं वाटलं. दोन दिवस वाट पाहिली. अजून एक पाहिली असती, मग मात्र शिव्या दिल्या असत्या."

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं, सणाच्या दिवशी उभे होते तसे. मग टोपी हातात घेऊन कुंपणाकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "कोर्टात मी बोलेन लेकीच्या मोडलेल्या हाताबद्दल. गावाला ऐकू दे."

आयुष्यभर मी राखणदार म्हणून तसबिरीकडे बोट दाखवलं, तुझ्या बाबांकडे दाखवलं, देवा क्षमा कर, त्या माणसाकडेही दाखवलं. चिखलाच्या बुटांनी केक खात बसलेल्या बाईला तो शब्द द्यायचं मला सुचलं नाही. तिला तू एक ओळ लिही. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

हे पत्र त्या स्वतः आणून देतील. पाकिटावर काही लिहिलेलं नाही. यापुढे यादीतही तुमची नावं देणार नाही. देवाला ऐकू यायला मोठ्याने वाचावं लागत नाही, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

मला क्षमा करायची की नाही, ते तू ठरव. कोट मात्र घाल. तिकडे नदीवरचा वारा फार बोचतो.

तुझं नाव यापुढे मनातच घेणारी,
आई