कानावरचे केस

रवि. ९ नोव्हें.
मन्मथअप्पा आज पण आले नाहीत. तिसरा रविवार. दहापर्यंत दोन दाढ्या, बस. ७७-७८ साली दुकानाबाहेर पोरांची रांग असायची, सगळ्यांना कान झाकणारे केस अन् रुंद कल्ले पाहिजेत. आता उदगीरात तसे ठेवणारे एकटे अप्पाच उरलेत. बाकी सगळे बाजूनं सफाचट.

सोम. १०
दुकान बंद. लातूरहून सतीशचा फोन. "बाबा, एका गिऱ्हाइकासाठी दुकान चालवताय का? तीसला टेम्पो घेऊन येतो. खुर्ची भंगारात देऊ, तुम्ही इकडं या." पोरगं चुकीचं बोलत नाही, त्याचाच राग येतो.
भिंतीवरचा केसांच्या फॅशनींचा जुना तक्ता पुसला. बायकांच्या रांगेत तो टोपलीएवढा अंबाडा. लग्नानंतर अशाच एका सोमवारी सुशीलानं या खुर्चीत बसून माझ्याकडून घालून घेतला होता. आत माझा पायमोजा कोंबला. घरी जाताना वरून पदर मावेना. ती जाऊन सहा वर्षं. फोन सोडला तर आज कुणाशी बोललो नाही.

गुरु. १३
अप्पांच्या सूनबाई बाजारात भेटल्या. अप्पा नांदेडला, दवाखान्यात. डोक्यात गाठ होती, काढली. तिचा रिपोर्ट यायचाय. मला कुणी कळवलं नाही. मी कोण लागतो म्हणा.

शनि. १५
पहिल्या बसनं नांदेड. वॉर्डात दोन फेऱ्या मारल्या, अप्पा कुठंच नाहीत. परत निघालो. दारातून वळून पाहिलं तर खिडकीशी एक म्हातारा पाठ करून बसलेला. डोकं तासलेलं, कानामागं पट्टी. टाळूवर दोन भोवरे, शेजारी शेजारी. पंचेचाळीस वर्षं कंगवा फिरवलाय त्यांच्यावरून. न्हाव्याला माणूस मागूनच पाठ असतो. तरी तोंडासमोरून दोनदा गेलो. लाज वाटली.
"दोनदा गेलास रे दत्ता."
"मग हाक का न्हाई मारली, अप्पा?"
"म्हटलं, बघावं, वळखतो का."
किती तरी वेळ कान चोळत बसले. म्हणाले, गार लागतंय, कधी उघडे पडले नव्हते. मग, "कानावर यायला किती दिवस लागत्यात?"
"पाच-सहा म्हैने."
"तवर दुकान हाय न्हवं?"
हाय की, म्हणालो. सतीशचं काही बोललो नाही.

रवि. ३०
सतीश आला. खुर्ची उचलायला वाकला, तर मी जाऊन तिच्यात बसलो.
"बाबा, उठा."
"उन्हाळ्यापर्यंत न्हाई. अप्पांचे केस यायचे हायेत."
"अन् अप्पा आलेच न्हाईत तर?"
मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो. त्यानं चहा घेतला, पाया पडला, रिकामा टेम्पो घेऊन गेला. वाईट वाटलं. हाक मारावी वाटली, मारली नाही.
अप्पांच्या गळ्याभोवती बांधायचं कापड धुऊन वाळत घातलं. रिपोर्टचा फोन अजून नाही. केस महिन्याला अर्धा इंच वाढतात. म्हणजे आतापर्यंत पाव इंच तरी आले असतील.