आत न घ्यायचं नाव

सोमवार, ८ जुलै
नोकरी लागली! मानपाड्याला गोपीनाथभाऊंचं दुकान आहे, जुने कम्प्युटर दुरुस्त करून शाळांना विकतात. मी त्यांत नवी सिस्टीम टाकायची. सोबतीला रचना, तोंडाळ पोरगी. म्हणाली, मावशी, तुम्ही पुस्तकं वाचून शिकलात, मी कॉलेजात जाऊनही नाही शिकले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच मी स्वतःसाठी डबा भरला.

बुधवार, १० जुलै
सिस्टीम टाकताना काही मशीन मध्येच अडकतात. भाऊंनी समजावलं. आतल्या प्रत्येक भागाला चालवणारा एक ड्रायव्हर असतो. एखादा खोडकर निघाला की पडदा काळा. म्हणून मशीन उठण्याआधीच एक ओळ लिहायची, अमक्याला आत घेऊ नकोस, आणि पुढे त्याचं नाव. ही मनाई मशीन बंद होईपर्यंतच. कायमची हवी तर आतल्या फाइलीत लिहायची. भाऊ म्हणाले, सासूबाईंसाठी अशी सोय हवी होती. वहिनींना फोन लावू का, असं रचनाने विचारलं. खूप हसलो.

सोमवार, १५ जुलै
एका मशीनचा पंखा खरखरतो. हुबेहूब यांचा खोकला. शेवटचं वर्ष घरात तोच आवाज होता. आता घरीही येतो, भाजी चिरताना, वाचायला बसले की. एक पान पुरं होत नाही.

गुरुवार, १८ जुलै
आज वेडेपणा केला. त्या मशीनवर मनाईच्या ओळीत यांचं नाव लिहिलं. आयुष्यभर 'अहो' म्हटलं, नाव कधी तोंडाने घेतलं नाही. बोटांनी मात्र सहज लिहिलं. वाटलं, एक दिवस तरी शांत जावा.
गेला. मी चक्क गुणगुणत होते म्हणे.
संध्याकाळी मशीन बंद केलं, आणि जिन्यातच पुन्हा तो खोकला.

सोमवार, २२ जुलै
फाइलीत लिहिलं. कायमचं.
गाढ झोप लागली. नवऱ्याला दाराबाहेर ठेवून बाई गाढ झोपली.

शनिवार, २७ जुलै
पावतीवर सही करत होते. सगुणा लिहिलं, म्हात्रे लिहिलं. मधलं नाव आठवेना. रचना म्हणाली, मावशी, तुम्ही नेहमी एवढंच तर लिहिता.

रविवार, २८ जुलै
भिंतीवर हार आहे. हारात चौकट. चौकटीत नुसता पुठ्ठा.
मृत्यूच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी. घोडबंदरला लेकीला फोन केला. नयन यांची फार लाडकी. म्हटलं, बाबांचं नाव सांग गं.
तिने विचारलं, आई, कोणाचे बाबा?

सोमवार, २९ जुलै
मशीन अजून दुकानातच होतं. फाइल उघडली. इंग्रजी अक्षरांत कसलीतरी नावं, एकाखाली एक. माणसाचं कोणतं, ओळखू येईना. सगळीच पुसली.
काही झालं नाही. भाऊंना विचारलं. म्हणाले, मनाई उठवली म्हणून कोणी आपोआप येत नाही, नाव लिहून बोलवावं लागतं.
पुसलेल्यांतच ते होतं. तेवढ्या एकाच जागी उरलं होतं, आणि मी—

मंगळवार
सुचतील ती नावं लिहिली. देवांची, गावातल्या पुरुषांची. शेवटी 'अहो' लिहिलं.
असं कोणी नाही, मशीन म्हणतं.

बुधवार
खोकला तरी येऊ दे— कसा होता तो— कोरडा की—
मी बाहेर ठेवलं. मीच. पण कोणाला—

गुरुवार
सकाळपासून डोळ्यांचं पाणी थांबत नाही. रचना विचारते, मावशी, कोण गेलं?
माझं कोण—