खाली बसायला शिकताना

आई,

तू गेल्यावर इतक्या वर्षांत तुला कधी लिहिलं नाही. जे सांगायचं होतं ते सांगायची हिंमत नव्हती, आणि बाकीचं सगळं तुला माहीतच होतं. आता लिहिते आहे, कारण मी एक गोष्ट ठरवली आहे. मी जमिनीवर उकिडवं बसायला आणि हात न टेकता उठायला शिकते आहे. वय शेहेचाळीस. हसू नकोस.

झालं असं, की मागच्या उन्हाळ्यात लोणी देवकरच्या कंपनीत, माझ्याच टेबलाच्या खालच्या कप्प्यातली फाईल काढायला मी गुडघ्यांवर बसले आणि मला उठताच येईना. टेबलाची कड धरली. खुर्ची ओढली, तर ती चाकांची, ती मागे सरकली. शेवटी ऑफिसातल्या दोन मुलींनी काखेत हात घालून मला उभं केलं. त्यातली एक म्हणत होती, "हळू मॅडम, हळू." शेवटच्या वर्षी दादा आणि वहिनी तुला खाटेवरून असंच उठवायचे, आणि वहिनीही हेच म्हणायची. आपला शेवट आपल्या हातात नसतो हे मला कळतं. पण आपल्या पायांवर उठायचं की कुणी उठवायची वाट बघायची, यातलं थोडंफार आपल्या हातात असतं, आणि तेवढं मी सोडणार नाही, असं त्या दिवशी ठरवलं.

इथे बारामतीत कालव्याकडच्या मोकळ्या मैदानावर सकाळी सहाला एक मुलगी शिकवते. पंचविशीतली आहे, पण आम्ही सगळ्या तिला मॅडम म्हणतो. तिच्याकडे एकही यंत्र नाही. उकिडवं बसायचं, चार हातापायांवर रांगायचं, लिंबाच्या फांदीला लोंबकळायचं, कमरेएवढी भिंत चढून उतरायची, वाळूची गोणी खांद्यावर घेऊन चालायचं. माणसाचं अंग ज्यासाठी घडलं आहे तेच त्याच्याकडून करून घ्यायचं, असं ती म्हणते. पहिल्या दिवशी तिने खोल बसून दाखवलं आणि त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, तेव्हा सोमेश्वरनगरच्या एक बाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अवो मॅडम, ह्ये तर परसाकडं बसल्यागत हाय की! ह्येला फी घेताय व्हय?" आम्ही हसून हसून बसल्या जागी पडलो. दोन हातांत पाण्याचे दोन कॅन घेऊन मैदानाला फेऱ्या मारायच्या व्यायामाला इंग्रजीत शेतकऱ्याचंच नाव आहे म्हणे. त्यावर त्याच बाई म्हणाल्या, "मग दिसाची हाजरी कोण देतंय आमची?"

मी मात्र पहिले पंधरा दिवस नीट बसूच शकले नाही. टाचा वर उचलल्या जात, टेकवल्या की तोल मागे जाई आणि मी धपकन मातीवर आपटे. तेव्हा तुझा आवाज कानात यायचा.

मी नऊ-दहा वर्षांची आहे. आपल्या वरकुट्याच्या रानात कांद्याची खुरपणी चालली आहे. बायकांनी आपापली पात धरली आहे. पात म्हणजे एकीने शेवटपर्यंत खुरपत न्यायचा पट्टा. तू माझ्यासाठी लोहाराकडून मुद्दाम लहान मुठीचं खुरपं करून आणलं आहेस. मी दमते आणि हळूच मातीत बसकण मारते. मागे न बघता तू म्हणतेस, "बूड टेकू नगं. बूड टेकलं की पात मागं राहती." तू तासन् तास चवड्यांवर बसून पुढे सरकत असतेस, जणू तुझ्या पायांना बसणं आणि चालणं यांतला फरकच ठाऊक नाही. तण उपटताना तुझा हात आपोआप निवडत असतो. घोळ, पाथरी, तांदुळजा अशी भाजी पदराच्या ओट्यात जाते, बाकीचं बांधावर. दुपारी त्यातलीच पाथरी कच्ची, ज्वारीच्या भाकरीबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीला लावून. संध्याकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. मॅडमने आम्हाला खाण्याचा कागद दिला तेव्हा तो मी दोनदा वाचला. ज्वारी, हुलगे, मटकी, शेंगदाणे, रानातली पालेभाजी, ताक. खाली लिहिलं होतं, ज्या पुड्यावर आत काय काय घातलं आहे याची यादी छापावी लागते, तो पुडा घरात आणू नका. मला तुझं स्वयंपाकघर आठवलं, माझ्या पगारातून मी त्यात उभ्याने रांधायचा ओटा बांधला त्याच्या आधीचं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. मला नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट. कंपनीची बस एकदा आपल्या रानाजवळून चालली होती. पुढे ट्रॅक्टर अडकला म्हणून ती थांबली. खिडकीतून पात दिसत होती, आणि पातीत तू, पदर खोचून, चवड्यांवर. शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "या बायका अजून अशाच बसून खुरपतात? कंबर कशी राहते बाई यांची!" ती वाईट काही बोलली नव्हती. पण मी मान वळवून दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्याच रविवारी घरी आले आणि तुला म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, खाली बसायचं नाही. खुरपणी बंद."

तू विचारलंस, "कुठल्या डाक्टरनं?"

"माझ्या ओळखीचे आहेत. गुडघे जातील म्हणाले."

"माजं गुडघं तर न्हाय दुखत."

"दुखायला लागल्यावर सांगणार आहेस का?"

आई, मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नव्हतं. मला लाज वाटली होती. आणि तू माझ्या शिक्षणावर इतका विश्वास ठेवायचीस, की तू ऐकलंस. दारात प्लास्टिकची खुर्ची आली. भाकरी थापायला काटवट खाली घेऊन बसलीस, तेव्हा मी पाहुण्यांसमोर ओरडले, म्हणून तेही सुटलं. दर रविवारी मी बिस्किटांचे पुडे आणायचे. चहात भिजवलेलं बिस्कीट बशीतून उचलत तू एकदा म्हणालीस, "मला भाकर दे की गं. दात हायेत मला." मी म्हणाले, पचायला हलकं असतं. खुर्चीमुळेच तुझे पाय गेले असं मी म्हणत नाही. वय होतं, बाळंतपणं होती, पाणी वाहणं होतं. पण जी बाई दिवसभर रानभर सरकत होती ती तीन-चार वर्षांत खुर्चीचा हात धरल्याशिवाय उभी राहीना, हे मी पाहिलं. पाहिलं, आणि तुला आणखी एक उशी आणून दिली.

मैदानावर आता चौथा महिना चालू आहे. ऊन, थंडी, महिनाअखेरची कामं, काही झालं तरी मी जाते. घरात साखरेची बरणी रिकामी झाली ती परत भरली नाही. लेक म्हणते, "आई, तू जेवतेस की औषध घेतेस?" मग माझ्याच ताटातली मटकी उचलते. टाचा आता जमिनीला टेकतात. गेल्या रविवारी मी वरकुट्याला गेले आणि वहिनीला म्हणाले, मला एक पात दे. खुरपायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"साडी खराब हुईल, बाई. तुमी सावलीत बसा."

"हापिसात काम न्हाय व्हय?"

मी पात धरली. अर्ध्या तासात सगळ्या पुढे गेल्या आणि मी एकटी मागे. मांड्या पेटल्या होत्या. पण बसकण मारायची नाही हे ठरलेलं होतं, आणि मारली नाही. थोड्या वेळाने बघते तर माझ्याच पातीत पुढे दोन-तीन हात रान स्वच्छ. शेजारच्या पातीतल्या म्हाताऱ्या मावशी, तुझ्याबरोबर जन्मभर खुरपलेल्या, त्या आपली पात नेता नेता माझीही काढत होत्या.

"नको मावशी. माझी मीच नेते."

"गप खुरप. तुझ्या आईनं लई जणींची पात वढलीय हितं. तवा कुणी नगं म्हनलं न्हाय."

मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "काय गं, चांगली चालतीफिरती बाई. तिला खुरपायचं बंद कुणी केलं?"

खुरपं चालू ठेवून मी म्हणाले, "डॉक्टरांनी, मावशी."

त्या "हं" म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. तुझ्याशी खोटं बोलले तेव्हा मी पंचविशीत होते, असं म्हणायची सोय होती. या वेळी तीही नव्हती. पात बांधापर्यंत नेली. शेवटी उठताना एक हात मातीला लागलाच. तो सुटायला अजून महिना-दोन महिने जातील, पण सुटेल, याची मला खात्री आहे.

आणखी एक गोष्ट येत्या रविवारी करायची आहे. त्या बायकांसमोर, पातीत बसून, मावशींना सांगायचं, की डॉक्टर कुणी नव्हता. तुला सांगता येत नाही, तर जिने तुझ्या शेजारी बसून आयुष्य काढलं तिला तरी खरं कळायला हवं. हे पत्र त्यांच्या हातात द्यावं असं मघाशी मनात आलं होतं. पण मावशींना वाचता येत नाही. ते आठवल्यावर मला आधी हायसं वाटलं, आई, आणि लाज त्यानंतर.